घरच्या गॅरेजमध्ये जुनी जावा-येझदी उभी करताना : रंग सगळ्यात शेवटी

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार मंडळी,

जुन्या गाडीचं काम हाती घेणाऱ्यांचे फोटो इथे सारखे येतात आणि बहुतेकांचा क्रम एकच असतो. गाडी गोठ्यातून नाहीतर जिन्याखालून बाहेर निघाली की टाकी आणि मडगार्ड आधी पेंटरकडे. पाठोपाठ क्रोम. इंजिनाचं 'नंतर बघू'. वर्षभराने गाडी चकाचक रंगात हॉलच्या कोपऱ्यात उभी असते आणि किक मारली तर ढिम्म. पैसे संपलेले असतात, उत्साहही संपलेला असतो. हा क्रम उलटा व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे, म्हणून हा धागा. जावा-येझदीपुरतंच लिहितो, कारण माझा हात त्याच गाड्यांवर बसलेला आहे. राजदूत, बुलेट, लूनावाल्यांनी आपापला अनुभव खाली जरूर लिहावा.

नव्या लोकांसाठी पार्श्वभूमी. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून मूळ चेक बनावटीची टू-स्ट्रोक जावा २५० बनू लागली. सत्तरच्या दशकात तिचं नाव येझदी झालं, १९७८ साली रोडकिंग आली आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २०१८ साली जावा नावाने जी नवी गाडी आली ती फोर-स्ट्रोक, पाण्याने थंड होणारी. तिचा एक वायसरही आपल्या कामाचा नाही.

जुनं इंजिन घरी उघडण्याजोगं आहे, कारण त्यात मुळात भाग कमी. एक सिलिंडर, बोअर (सिलिंडरचं भोक) ६५ मिमी, स्ट्रोक (पिस्टनचा वरखाली पल्ला) ७५ मिमी. व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टॅपेट नाहीत, बहुतेक मॉडेलांत ऑइल पंपही नाही. हवा-पेट्रोल आत घेणं आणि धूर बाहेर सोडणं ही दोन्ही कामं पिस्टनच वरखाली होताना बोअरमधली पोर्ट उघडून-झाकून करतो. पण याच कारणामुळे क्रँककेस, म्हणजे पिस्टनखालची क्रँकची पेटी, हवाबंद असावी लागते. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्ये येतं, तिथे दाबलं जातं आणि मग वर चढतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना असलेली ऑइल सीलं वीस-तीस वर्षं उभ्या गाडीत दगडासारखी कडक झालेली असतात. मेकॅनिक कार्बोरेटर खोलतो, प्लग बदलतो, कॉइल बदलतो, पण सीलला कोणी हात लावत नाही, कारण त्यासाठी इंजिन फोडावं लागतं.

लक्षणं सांगतो. उजव्या बाजूचं, म्हणजे डायनामोकडचं सील गेलं तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रण पातळ होतं, अ‍ॅक्सिलरेटर सोडला तरी रेस खाली येत नाही, इंजिन तापतं आणि लांबच्या पल्ल्यात पिस्टन धरतो, म्हणजे जाम होतो. डाव्या बाजूचं, क्लचकडचं सील गेलं तर गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. पांढरट धूर थांबता थांबत नाही, प्लग ओला होतो, गिअर ऑइल महिन्याभरात कमी होतं आणि गाडीखाली मात्र एक थेंब सांडलेला नसतो. यातलं काहीही रंगाने बरं होणार नाही.

म्हणून माझा क्रम असा: कागद, फोटो, इंजिन, वायरिंग, चाकं-ब्रेक, गाडी बिनरंगाची चालवून बघणं, आणि मग रंग. तोही लागलाच तर.

फोटो खोलायच्या आधी काढा, खोलताना काढा, वायर कुठून कुठे जाते त्याचे वेगळे काढा. बोल्ट ज्या भोकातून निघाला त्याच भोकात बोटाने दोन आटे लावून परत ठेवा. क्रँककेसचे स्क्रू सगळे एका लांबीचे नसतात. डब्यात एकत्र टाकलेले स्क्रू बांधताना चुकीच्या जागी गेले की लांब स्क्रू बुडाला टेकतो, पॅकिंग दाबलं जात नाही आणि अल्युमिनियमचे आटे जातात. ते स्क्रू चपट्या खाचेचे असतात, घट्ट बसलेले. साध्या स्क्रूड्रायव्हरने खाच खराब करण्यापेक्षा इम्पॅक्ट ड्रायव्हर घ्या. घरच्या गॅरेजसाठी ही सगळ्यात आधी घ्यायची वस्तू.

इंजिन जाम असेल तर किकवर उभं राहून नाचू नका. या गाडीत गिअरची दांडीच आत दाबून वर वळवली की किक होते, तिचे दात तुटले तर नसता खर्च. प्लगच्या भोकातून डिझेल आणि टूटी ऑइल (टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलात मिसळतात ते) अर्धं-अर्धं ओता, चार-आठ दिवस राहू द्या, रोज थोडं घाला. मग गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हाताने पुढे-मागे हलवत राहा. सुटणारं इंजिन असंच सुटतं. नाही सुटलं तर हेड उघडून आत काय आहे ते बघायचं.

दोन कामं मात्र घरी नाहीतच: बोअरिंग आणि क्रँक. त्यावर पानापक्कड लिहितील तर बरं.

---

पानापक्कड (कोल्हापूर)

लिहितो की दादा. आमच्याकडे शिरोली-गोकुळ शिरगावच्या पट्ट्यात ओतकाम आणि लेथ यांची कमी नाही, तरीबी टू-स्ट्रोकचं बोअर नीट करणारा कारागीर शोधायला लागतो. कारण सांगतो.

एक, पिस्टन आधी हातात पाहिजे. बोअर पिस्टनच्या मापाने करायचं असतं, डब्यावर छापलेल्या मापाने नाही. आज मिळणाऱ्या नकली पिस्टनांत एकाच साईजचे दोन पिस्टन मायक्रोमीटरला वेगळे भरतात. बोअरवाल्याला पिस्टन देऊनच सिलिंडर सोडायचा.

दोन, बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा मारल्या का ते बोट फिरवून बघायचं. बोअरिंगच्या हत्याराने पोर्टची कड पात्यासारखी धारदार होते. ती बारीक घासून गोल केली नाही तर रिंग तिथं अडकते आणि पहिल्याच दिवशी तुटते. चारचाकीचं बोअरिंग करणाऱ्याला ही सवय नसते, त्याच्या सिलिंडरला पोर्टच नसतात. रिंगा घालताना पिस्टनच्या खाचेत बारीक पिन असते, रिंगेची दोन टोकं त्या पिनेपाशीच आली पाहिजेत. पिनेवर रिंग चढवून सिलिंडर ठोकून बसवला की संपलं.

तीन, क्रँक. कनेक्टिंग रॉड धरून सरळ वर-खाली ओढायचा. वर-खाली टिक जरी आवाज आला तरी बिग एंड (रॉडचं क्रँककडचं बेअरिंग) गेला. बाजूला थोडा हलतो ते चालतं, त्याला लोक उगाच घाबरतात. ही क्रँक दाबून बसवलेली असते, म्हणजे नवा रॉड घालायला हायड्रॉलिक प्रेसवर पिन काढायची, परत दाबायची, आणि मग दोन सेंटरांत धरून डायल गेज लावून सरळ करायची. हातोड्याने ठोकून 'बसली बघा' म्हणणाऱ्याकडनं क्रँक परत घेऊन यायची. वाकडी क्रँक नवीन बेअरिंग आणि नवीन सील दोन्ही खाते.

क्रँककेस फोडताना दोन अर्ध्यांच्या मधी स्क्रूड्रायव्हर घालू नका. हात जोडून सांगतो. त्या जागी एक ओरखडा पडला की आयुष्यभर हवा ओढणार. केस गरम करायची, थुंकी टाकली तर चर्र व्हावी एवढी, मग लाकडी मोगरीने हलक्या हाताने. बेअरिंग आपोआप सुटतात. बसवतानाही तसंच, केस गरम आणि बेअरिंग फ्रीजमधलं थंड.

---

मृण्मयी_नाशिक

वाखुसा (वाचनखूण साठवली). कृष्णाकाठ आणि पानापक्कड दादा, दोघांचेही मनापासून आभार.

माझ्या बाबांची येझदी आहे, बी टाईप, आरसी बुकावर १९७५. ओझरच्या घरी पत्र्याच्या शेडमध्ये बरीच वर्षं उभी आहे. मला ती स्वतःच्या हाताने उभी करायची आहे. हत्यारं जमवली आहेत, वेळ शनिवार-रविवार. पण माझा पहिला प्रश्न कागदांचा. रजिस्ट्रेशन कधीच संपलंय. नंबर जुना, तीन अक्षरी. गाडी पन्नाशीला आली म्हणजे ती 'व्हिंटेज'मध्ये घालावी की साधं नूतनीकरण करावं?

---

दस्तऐवज (पुणे)

मृण्मयीताई, हा प्रश्न तुम्ही पहिला विचारलात हे फार चांगलं केलंत. लोक इंजिन बांधून झाल्यावर विचारतात.

केंद्राने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जास्त जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी-बॉडी-इंजिनात मोठा बदल न केलेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा नंबर मिळतो, पण आधीच नोंदलेली गाडी आपला मूळ नंबर ठेवू शकते. मर्यादा ही की अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती अशा कारणांसाठीच.

दुसरा रस्ता साधा: १५ वर्षांनंतर होतं ते नूतनीकरण, दर वेळी पाच वर्षांचं. ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या दुचाकीसाठी ही फी २,००० रुपये केली आहे. त्यावर पर्यावरण कर, विमा, पीयूसी आणि उशिराचा दंड वेगळा. १ एप्रिल २०१९ पूर्वीची गाडी म्हणून नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेटही लागेल. रविवारी त्र्यंबकेश्वरला किंवा सापुताऱ्याला गाडी न्यायची असेल तर माझ्या मते हाच रस्ता घ्या. व्हिंटेजची नोंदणी संग्रहात गाडी ठेवणाऱ्यांसाठी ठीक.

कोणताही रस्ता घ्या, एक काम आज करा. चासी नंबर आणि इंजिन नंबर शोधा, रॉकेलच्या फडक्याने पुसा, आरसीशी अक्षर अन् अक्षर ताडून बघा. तपासणीत त्या नंबरावर कागद ठेवून पेन्सिलीने प्रिंट घेतात. फ्रेम ब्लास्टिंगला दिली आणि नंबरावर पट्टी लावली नाही तर अक्षरं झिजतात. वर पावडर कोटिंगचा जाड थर बसला की खाच भरूनच जाते. मग प्रिंट उठत नाही, आणि उठत नाही म्हणजे नंबराशी छेडछाड केल्याचा संशय येतो. निव्वळ रंगामुळे हे संकट ओढवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. इंजिन नंबर क्रँककेसवर असतो, म्हणून 'दुसरी केस टाकून देतो' म्हणणाऱ्या मेकॅनिकला स्पष्ट नाही म्हणा.

---

फिरस्ता_पुणे

धागा उत्तम. पण रंग शेवटी, 'लागलाच तर', याला माझा विरोध आहे. पत्रा उघडा ठेवला तर एका पावसाळ्यात गंज आरपार जातो. रंग ही सजावट नाही, संरक्षण आहे. आणि ज्या माणसाने ती गाडी १९७०च्या दशकात शोरूममधून घेतली त्याने ती मरून रंगात, सोनेरी रेघांसह, लखलखती घेतली होती. ती तशीच त्याच्यासमोर उभी करणं यात गैर काय? मळकी, ओरखडलेली गाडी मिरवणं ही मला अलीकडची फॅशन वाटते.

---

कृष्णाकाठ (सांगली)

फिरस्ता, तुमचा मुद्दा मला मान्य आहे तिथवर सांगतो. जिथे रंग उडून पत्रा उघडा पडलाय, मडगार्डच्या आतल्या बाजूला गंजाचे पापुद्रे सुटलेत, तिथे रंग हवाच. फ्रेमला तडा असेल तर वेल्डिंग आणि रंग दोन्ही हवेत. त्यावर वाद नाही.

पण कारखान्याचा मूळ रंग सत्तर-ऐंशी टक्के शाबूत असताना तो खरवडून काढणं हे मला पटत नाही. त्या टाकीवरच्या रेघा म्हैसूरच्या कामगारांच्या कामाची खूण आहेत. तुमच्या पेंटरने कितीही छान रेघ ओढली तरी ती त्याची रेघ असेल. गाडी पुन्हा हवी तेव्हा रंगवता येते, मूळ रंग मात्र एकदाच असतो. आधी कोमट पाणी आणि सौम्य साबण, मग बारीक पॉलिश मऊ कापडाने, रेघांवर जोर न देता. चाळीस वर्षांच्या मळाखाली कसला मरून निघतो ते बघा आणि मग ठरवा. गंजाच्या ठिपक्यांना फॉस्फोरिक अ‍ॅसिडवालं रस्ट कन्व्हर्टर बारीक ब्रशने, वर मेणाचा हात. दर पावसाळ्याआधी मेण. पत्रा याने टिकतो.

शेवटी रंग म्हणण्याला एक निव्वळ व्यावहारिक कारणही आहे. बांधणी करताना फ्रेमवर पाना सटकतो, इंजिन बसवताना नळीला घासतं, पेट्रोल सांडतं. गाडी दोन-तीन वेळा खोलून-बांधून व्हायची असते. ते सगळं नव्या रंगावर कशाला?

---

सहाव्होल्ट (ठाणे)

कृष्णाकाठ यांच्या मुद्द्याला विजेच्या बाजूने पुष्टी देतो. माझी नोकरी विजेच्या कामात गेली, निवृत्तीनंतर या गाड्यांची वायरिंग करतो.

या गाडीचा डायनामो ६ व्होल्ट, ४५ वॅटचा. म्हणजे पूर्ण भारावर साडेसात अँपिअर प्रवाह. तेवढ्याच वॅटला १२ व्होल्टच्या गाडीत याच्या निम्मा प्रवाह लागतो. प्रवाह जास्त म्हणून जोडाजोडात गळणारा व्होल्टेजही जास्त, आणि मुळात आहेतच सहा. त्यातला एक व्होल्ट गंजलेल्या जोडात गेला तर दिवा मेणबत्तीसारखा होतो. 'सहा व्होल्टचा उजेडच पडत नाही' ही तक्रार ऐकतो तेव्हा मी मल्टीमीटर लावून आधी अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या धातूतून विजेची परतीची जोडणी) तपासतो. बहुतेक वेळा तिथेच सापडतं. आणि नवीन रंगवलेल्या गाडीत तर हमखास: हेडलाईटचा डबा, इंजिनाचा बोल्ट, कॉइलची पट्टी, सगळ्यांखाली पावडर कोटिंगचा थर, जो विजेला अडवतो. रंग द्याच, पण त्या जागा झाका किंवा नंतर पत्र्यापर्यंत घासून घ्या. मी तर बॅटरीपासून इंजिनापर्यंत आणि हेडलाईटपर्यंत अर्थची वेगळी वायर टाकतो. जुनी फुटकी वायर बदलताना अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, बारीक नको.

पॉइंट (ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) आणि टायमिंग (ठिणगीची वेळ). आधी पॉइंटची गॅप, ०.४ मिमी, फीलर गेजने. मग टायमिंग. उलट करू नये, कारण गॅप बदलली की टायमिंग हलतं. पॉइंट आणि अर्थ यांच्यामध्ये ६ व्होल्टचा छोटा बल्ब जोडा आणि स्विच चालू ठेवून क्रँक हळू फिरवा. बल्ब पेटतो तो क्षण पॉइंट उघडल्याचा. तो क्षण पिस्टन टोकाला पोचण्याच्या साधारण ३ मिमी आधी यायला हवा, आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा धरावा. कानाने टायमिंग लावणारे जुने मिस्त्री होते आणि त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण ३ मिमीला डायल गेज लावावा. टायमिंग पुढे राहिलं की पिस्टन वितळतो.

१२ व्होल्टचे किट येतात, चेक बनावटीचे चांगले आहेत. रोज रात्री हायवेवर जाणाऱ्याने बसवावेत. मात्र जुना डायनामो, कटआऊट, आर्मेचर कापडात गुंडाळून जपून ठेवा. भंगारात देऊ नका.

---

वल्ताव्हाकाठ (प्राग)

अरे वा, माझ्या दोन्ही गावांचा धागा! मूळचा साताऱ्याचा, कामानिमित्त इकडे.

इकडची परिस्थिती सांगतो. जावाचं माहेर तिनेत्स नाद साझावोऊ, प्रागपासून गाडीने तासाभराच्या आत. इथे जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचे बाजार भरतात, त्याला 'बुर्झा' म्हणतात. गवतावर चादर पसरून म्हातारे लोक जिकोव कार्बोरेटर, स्पीडोमीटर, लिव्हर, रबरं मांडून बसतात. शिवाय जुन्या मापाचे नवे भागही इथे बनतात आणि दुकानांत सरळ मिळतात. सुरुवातीच्या भारतीय जावांना यातलं बरंच काही बसतं. नंतरच्या येझदीत म्हैसूरवाल्यांनी बदल करत नेले, त्यामुळे मागवण्याआधी जुना भाग कॅलिपरने मोजा, फोटोवर भरवसा ठेवू नका.

रंगाच्या वादात माझं मत कृष्णाकाठांच्या बाजूने. इथल्या मेळाव्यांत मूळ रंगातल्या गाडीभोवती जास्त वेळ गर्दी थांबते, आणि जाणकार तर आधी तिकडेच वळतात.

---

धुरळा (छत्रपती संभाजीनगर)

टाकीबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझ्या टाकीत गंजाची खपली आहे आणि पंपावर आता बहुतेक ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोलच मिळतं. जुन्या गाडीला ते चालतं का?

---

कृष्णाकाठ (सांगली)

धुरळा, टाकीचं काम आज सुरू करा, ते घरीच होतं.

सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूफूल, गरम पाण्यात विरघळवून टाकी गळ्यापर्यंत भरा. पेट्रोल कॉक काढून भोक बंद करा. बाहेरच्या मूळ रंगावर प्लास्टिक गुंडाळा, ओघळ लागू देऊ नका. एक-दोन दिवसांनी ओतलं की काळं-हिरवं पाणी निघेल. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा म्हणजे राहिलेलं अ‍ॅसिड मरतं. यानंतरची घाई महत्त्वाची: उघडा पडलेला पत्रा मिनिटांत परत पिवळा होतो. हेअर ड्रायरने वाळवा आणि लगेच आत टूटी ऑइल मिसळलेलं पेट्रोल फिरवा. आत खडे-साखळ्या घालून हलवणाऱ्यांना माझा सल्ला, जपून. पत्रा आधीच पातळ असेल तर भोक पडतं.

काही जण धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून गंज काढतात. पद्धत चांगली आहे, पण आत सोडायचा सळईचा तुकडा साध्या लोखंडाचाच घ्या. स्टीलच्या भांड्याचा, चमच्याचा अजिबात नको, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. आणि हायड्रोजन निघतो म्हणून हे काम उघड्यावर, ठिणगीपासून लांब.

ई२० बद्दल. इथेनॉल हवेतली ओल धरतं, जुनी रबरं फुगवतं आणि टाकीला कोणी आतून लेप दिलेला असेल तर तो सोलून काढू शकतं. मिश्रणही पातळ होतं, कारण इथेनॉलला जळायला हवा कमी लागते आणि आपला जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोलचं बारीक भोक) जुन्या पेट्रोलच्या मापाचा. गाडी चालते, पण काळजी घ्यावी लागते. पेट्रोलची नळी आणि कॉकची वायसरं इथेनॉलला टिकणारी घाला. मेन जेट एक नंबर मोठा लावून प्लगचा रंग बघा, कॉफीसारखा तपकिरी हवा, पांढरा नको. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर दोन्ही रिकामे करा. जेट साफ करताना आत तार घालू नका, पितळेचं भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवा पुरे. कार्बोरेटरचं तोंड वाकलेलं असतं, सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासून सरळ करा.

---

पानापक्कड (कोल्हापूर)

ब्रेकबद्दल एक, कारण जिवाचा प्रश्न. जुन्या लायनरांत अ‍ॅस्बेस्टॉस असतं. ड्रम उघडल्यावर आतली धूळ कॉम्प्रेसरने उडवू नका. ओलं फडकं घ्या, पुसा, फडकं पिशवीत बांधून टाकून द्या. मास्क घाला. जुने मिस्त्री तोंडानं फुंकर मारायचे, त्यातले कितीजण खोकत गेले.

सायलेन्सरबी बघा. दोन्ही सायलेन्सरच्या मागच्या टोकाकडनं जाळीची नळी बाहेर येते. कार्बनने बुजलेली असली की गाडी ओढत नाही आणि लोक बोअरला दोष देतात. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात रात्रभर टाका, हातमोजे-चष्मा घालूनच. त्या बादलीत अल्युमिनियमचं काही टाकू नका, खाऊन टाकतं.

क्लचच्या कॉर्कच्या प्लेटा नवीन घातल्या तर आधी रात्रभर गिअर ऑइलात बुडवून ठेवा. कोरड्या घातल्या की जळतात.

---

मृण्मयी_नाशिक

अपडेट. दस्तऐवज यांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही नंबर रॉकेलने पुसून ताडले, आरसीशी तंतोतंत जुळतात. पेन्सिलीची प्रिंट घेऊन फाईलला लावली. इंजिन जाम होतं, डिझेल-टूटी ऑइल घालून मागचं चाक हलवत राहिले आणि ते सुटलं. टाकी पुसली तर खाली मूळ मरून आणि दोन्ही बाजूंच्या रेघा जवळजवळ पूर्ण आहेत. फिरस्ता, क्षमा असावी, मी ती रंगवणार नाही. मडगार्डची आतली बाजू मात्र रंगवेन.

इंजिन सुटलंच आहे, तर सरळ किक मारून बघू का? आणि बांधून झाल्यावर ऑइलचं प्रमाण काय ठेवू?

---

फिरस्ता_पुणे

क्षमा कसली. रेघा शाबूत असतील तर मीही हात लावणार नाही. मडगार्डची आतली बाजू नीट करा, माझं म्हणणं तेवढंच होतं. जुलैचा दुसरा रविवार आंतरराष्ट्रीय जावा दिवस असतो, ठिकठिकाणी मंडळी जमतात. गाडी तयार झाली तर आणा, भेटू.

---

कृष्णाकाठ (सांगली)

मृण्मयीताई, अभिनंदन! पण किक नको. सुटलेल्या इंजिनाच्या बोअरमध्ये गंजाचा कडा राहिलेला असतो, तो नव्या-जुन्या कोणत्याही पिस्टनला ओरबाडतो. बेअरिंगमध्येही डिझेलबरोबर उतरलेला गाळ आहे.

आता हेड उघडा. नट एका बाजूने पूर्ण काढत जाऊ नका, समोरासमोरचे अर्धा-अर्धा फेरा सैल करत या, हेड वाकत नाही. सिलिंडर वर उचलताना पिस्टनखाली क्रँककेसच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, तुटलेल्या रिंगेचा तुकडा किंवा पिनेची क्लिप आत पडायला नको. बोअरमध्ये नखाने वरून खाली फिरवा, कुठे अडतंय का. मग पानापक्कडने सांगितला तसा कनेक्टिंग रॉड वर-खाली ओढून बघा. या दोन गोष्टींवर पुढचा सगळा खर्च ठरतो, म्हणून दोन्हीचे जवळून फोटो इथे टाका. सील मात्र या दोन्हींचं काही निघो, बदलायचीच. जुन्या सीलवरचा आकडा लिहून घ्या, आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. पुण्याच्या नाना पेठेत किंवा बेअरिंगच्या कोणत्याही चांगल्या दुकानात त्या मापावर मिळतात, फक्त पेट्रोल आणि उष्णता सोसणाऱ्या रबराची मागा.

ऑइलचं म्हणाल तर लिटरला ४० मिली, म्हणजे १:२५, नेहमीसाठी. नवं बोअर असेल तर पहिले काहीशे किलोमीटर लिटरला ५० मिली. एका दमात लांब जाऊ नका, घाट टाळा, एकाच वेगात रेटू नका, आणि उतारावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण बंद करून गिअरमध्ये गाडी सोडू नका. टू-स्ट्रोकला ऑइल पेट्रोलबरोबरच मिळतं, अ‍ॅक्सिलरेटर बंद म्हणजे ऑइलही बंद.

हेडचे फोटो आले की सांगा, रविवारी दुपारनंतर मी इथेच आहे.